गोळीला कसं कळतं की दुखणं गुडघ्यात आहे?

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, बाबांचे डायलॉग भारीच आहेत, पण दुसऱ्यांदा वाचताना जरा काळजी वाटली. "ताई, मला अहोजाहो करू नका" असं तूच लिहिलंयस म्हणून सरळ अगंतुगंवर येते.

बाकीच्या वाचकांसाठी पत्रातलं थोडक्यात सांगते. हिचे बाबा ६८ वर्षांचे, बीपी आहे, शुगर आहे, मागे एकदा हार्ट अटॅक येऊन गेलाय. गोळ्या बऱ्याच आहेत, त्यातल्या चारांबद्दल तिने लिहिलंय: बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ५ एमजी, शुगरची मेटफॉर्मिन एसआर ५०० एमजी, गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन ७५ एमजी आणि अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल ४० एमजी. बाबांचं म्हणणं असं की ५ एमजीने काय डोंबल होणार, गोळी कशी ५०० ची पाहिजे. आता ती ५०० ची गिळता येत नाही म्हणून ते ती कुटून पाण्यातून घेतात. सकाळची गोळी विसरली की रात्री दोन. पँटोप्राझोल जेवण झाल्यावर, तीही जळजळलं तरच. आणि गुडघा दुखला की घरात पडलेली आयबुप्रोफेन, कुणाला न विचारता. हिला स्वतःला सर्दीच्या गोळीने गाढ झोप लागते, तर तीच गोळी बाबांना दिली तर चालेल का, हाही एक प्रश्न आहे. आणि सगळ्यात शेवटी, लाजत लाजत विचारलेला प्रश्न: गोळी जाते पोटात, मग तिला कसं कळतं की दुखणं गुडघ्यात आहे?

लाजलीस कशाला, हाच तर खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर एकदा नीट डोक्यात बसलं की बाबांशी बाकीचे वाद घालायला तुला सोपं जाईल.

तर, गोळीला कळत नाही. अजिबात नाही. पेनकिलर पोटात विरघळते, मग मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात शोषली जाते, आतड्यातलं रक्त आधी लिव्हरकडे जातं, तिथे थोडंफार औषध मोडलं जातं, आणि उरलेलं हृदयातून सगळ्या अंगभर. आपण नुसते बसलेलो असताना हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं आणि अंगात रक्तही जवळपास तेवढंच असतं, म्हणजे रक्तात पोचलेलं औषध सगळीकडे फिरून यायला फार वेळ लागत नाही. गुडघ्यात जातं तसंच ते कानाच्या पाळीत जातं, किडनीत जातं, पोटाच्या अस्तरातही जातं. फरक एवढाच की जिथे त्या औषधाला बसायला जागा असते तिथेच त्याचा काही परिणाम होतो, बाकी ठिकाणांहून ते तसंच पुढे जातं.

ही "बसायची जागा" म्हणजे बहुतेक वेळा एखादं प्रोटीन. कधी पेशीवरचा रिसेप्टर, म्हणजे शरीरातले निरोप पकडणारं प्रोटीन, कधी एखादं एन्झाइम, कधी पेशीच्या भिंतीतला कॅल्शियमचा मार्ग, कधी पंप. १९०५ साली केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी निकोटिन आणि क्युरारे (स्नायू लुळे पाडणारं विष) स्नायूंवर वापरून पाहिलं, निकोटिनने स्नायू आखडायचा आणि क्युरारे दिलं की ते थांबायचं, आणि गंमत म्हणजे स्नायूकडे येणारी नस कापून ती मरून गेल्यावरही हे असंच व्हायचं, मग त्यांनी म्हटलं की स्नायूच्या पेशीतच असं काहीतरी आहे जे या पदार्थांना पकडतं. ते "काहीतरी" प्रत्यक्ष हातात यायला पुढे कित्येक दशकं गेली, पण आजचं सगळं औषधशास्त्र त्याच कल्पनेवर उभं आहे. काही औषधं त्या जागेवर बसून शरीराच्या नेहमीच्या निरोपासारखं काम करतात, त्यांना अ‍ॅगोनिस्ट म्हणतात. काही नुसती जागा अडवून बसतात, म्हणजे खरा निरोप पोचतच नाही, ती अँटॅगोनिस्ट. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल पहिल्या जातीचं, अ‍ॅलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांना दुसऱ्या जातीत धरतात.

आता गुडघा. दुखऱ्या सांध्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होत असतात, ती सूज आणतात आणि नसांना जास्त हळवं करतात. ती तयार करणारं एन्झाइम म्हणजे कॉक्स, आणि आयबुप्रोफेन त्या कॉक्सला अडवते. दुखणं कमी होतं. पण तेच कॉक्स पोटाच्या अस्तरातही असतं आणि तिथली प्रोस्टाग्लँडिनं अ‍ॅसिडपासून अस्तराचं रक्षण करत असतात, किडनीतही असतं आणि तिथे ती रक्तपुरवठा टिकवायला मदत करतात. गोळीला गुडघा कळत नाही म्हणून ती पोटातलं आणि किडनीतलं कॉक्सही अडवते. "साइड इफेक्ट" म्हणून आपण जे वेगळं काढतो ते बहुतेक वेळा हेच असतं, तेच औषध, तेच काम, फक्त नको त्या ठिकाणी. म्हणून बीपी, शुगर आणि हार्ट अशा तिन्ही गोष्टी असलेल्या ६८ वर्षांच्या माणसाने आयबुप्रोफेन मनाने घेणं मला अजिबात पटत नाही, त्याने बीपी वाढू शकतं, किडनीवर ताण येतो, आणि अ‍ॅस्पिरिनच्या जोडीने पोटातून रक्तस्रावाची भीती आणखी वाढते. अ‍ॅस्पिरिनचं अजून एक भांडण आहे, ते पुढे सांगते.

आधी बाबांचं ५ विरुद्ध ५००. हा गैरसमज इतक्या लोकांत आहे की काय सांगू. एमजी म्हणजे औषधाचं वजन, ताकद नाही. एखादं औषध आपल्या जागेवर किती घट्ट बसतं, पोटातून किती टक्के रक्तात पोचतं, किती वेगाने बाहेर जातं, यावर ठरतं की त्याचं किती वजन लागणार. थायरॉइडची गोळी बघ, १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१ एमजी, म्हणजे मेटफॉर्मिनच्या ५०० च्या पाच हजारांश, आणि तेवढ्याशा गोळीवर माणसाची चयापचयाची गती चालते! दम्याच्या पंपाच्या एका दाबात साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम असतं आणि त्याच औषधाच्या तोंडाने घ्यायच्या गोळीत २ किंवा ४ एमजी, म्हणजे वीस ते चाळीस पट, कारण गोळीला सगळ्या अंगाचा फेरा मारून फुफ्फुसात पोचायचंय आणि पंप सरळ तिथेच सोडतो. म्हणूनच गोळीने हात थरथरणं आणि छाती धडधडणं जास्त होतं. तेव्हा बाबांना सांग, दोन वेगळ्या औषधांच्या एमजीची तुलना करायचीच नाही. एकाच औषधाच्या दोन डोसांची करा, तिला अर्थ आहे. अ‍ॅम्लोडिपिनचा दिवसाचा नेहमीचा कमाल डोस १० एमजी आहे, म्हणजे ५ हा काही चिमूटभर नाही.

आता विसरलेली गोळी. इथे एक गोष्ट समजून घे, हाफ लाइफ. रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ. आयबुप्रोफेनचा साधारण दोन तास, अ‍ॅम्लोडिपिनचा तब्बल ३० ते ५० तास. तळाला भोक असलेली बादली समज, रोज ठरलेल्या वेळी एक तांब्या ओततेयस, पहिल्या दिवशी पातळी कमी असते, मग चढत चढत एका ठिकाणी थांबते जिथे रोज जेवढं ओततेयस तेवढंच गळतं. ही पातळी स्थिर व्हायला साधारण चार-पाच हाफ लाइफ लागतात, म्हणून अ‍ॅम्लोडिपिन सुरू केल्यावर पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर जातो आणि डॉक्टर दुसऱ्याच दिवशी डोस वाढवत नाहीत. (तिसऱ्या दिवशी बीपी मोजून "गोळी लागू पडत नाही" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.) आणि बंद केल्यावरही तसंच, पाच हाफ लाइफनंतर जेमतेम तीन टक्के उरतं.

याचा बाबांसाठी अर्थ काय, तर अ‍ॅम्लोडिपिनची एखादी गोळी चुकली म्हणून बीपी लगेच आभाळाला जात नाही, आधीच्या दिवसांचं औषध अजून अंगात असतं. आणि त्याच कारणाने रात्री दोन घेणं चुकीचं, आधीचं शिल्लक असताना वर दुप्पट पडतं, मग उठल्यावर चक्कर, पायावर सूज, आणि त्या वयात चक्कर येऊन पडणं म्हणजे खुब्याचं हाड. बहुतेक रोजच्या गोळ्यांना एक साधा नियम चालतो, लवकर आठवलं तर घ्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, दोन एकत्र नाही. पण हा नियम सगळ्यांना सारखा नाही, म्हणून बाबांच्या यादीतल्या प्रत्येक गोळीसाठी "चुकली तर काय" हे डॉक्टरांकडून एकदा लिहून घे. काही औषधांत उपयोगाची पातळी आणि विषारी पातळी अगदी शेजारी शेजारी असतात, हृदयासाठीचं डिगॉक्सिन, मनाच्या आजारासाठीचं लिथियम, रक्त गोठू नये म्हणून देतात ते वॉर्फरिन ही त्यातली. लिथियमची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटरमध्ये ठेवतात आणि १.५ च्या वर गेली की त्रास सुरू होऊ शकतो, तिथे "एक जास्त झाली तर काय बिघडलं" हे चालतच नाही. उलट बीटा ब्लॉकर जातीच्या (बीपी आणि हृदयासाठीच्या) गोळ्या अचानक बंद केल्या तर धडधड आणि बीपी उसळी मारतं, कारण इतके दिवस अडवलेले रिसेप्टर शरीराने वाढवून ठेवलेले असतात.

हाफ लाइफ कळलं की लोकांना वाटतं आता सगळं कळलं, आणि इथेच अ‍ॅस्पिरिन फजिती करते. अ‍ॅस्पिरिनचा हाफ लाइफ किती? १५ ते २० मिनिटं. मग दिवसातून एकच गोळी कशी पुरते? कारण अ‍ॅस्पिरिन कॉक्सवर नुसती बसत नाही, ती त्याच्यात कायमचा बदल करून जाते, आणि गुठळी करणाऱ्या प्लेटलेट्सना केंद्रकच नसतं, त्यामुळे त्यांना नवं एन्झाइम बनवता येत नाही. औषध निघून जातं, पण ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तशीच राहते. रोज साधारण दहा टक्के नव्या प्लेटलेट्स येतात, त्यांच्यासाठी रोजची छोटी ७५ ची गोळी. मला विचारशील तर सगळ्या औषधशास्त्रातलं हे माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आहे. अ‍ॅस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे आणि ती नेमकं काय करते हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, त्यासाठी १९८२ चं नोबेल त्यांना दोघांसोबत विभागून मिळालं. म्हणजे सत्तरेक वर्षं जग ही गोळी नेमकं कारण माहीत नसताना घेत होतं.

आता ते भांडण. आयबुप्रोफेनही प्लेटलेटमधल्या त्याच कॉक्सवर बसते, पण तात्पुरती, काही तासांत उठून जाते. बाबांनी आधी आयबुप्रोफेन घेतली आणि मागून अ‍ॅस्पिरिन, तर अ‍ॅस्पिरिन येते तेव्हा जागा भरलेली असते, ती बिचारी पंधरा-वीस मिनिटांत निम्मी, तासा-दीडतासात जवळपास संपलेली, आणि मग आयबुप्रोफेन सावकाश उठते. जागा मोकळी झाली पण अ‍ॅस्पिरिनच उरली नाही. गोळी घेतलेली, आणि हृदयाला मिळणारं संरक्षण मात्र कमी झालेलं. अटॅक येऊन गेलेल्या माणसासाठी ही काही छोटी गोष्ट नाहीये, आणि वरून काहीच दिसत नाही, म्हणून जास्त त्रासदायक. गुडघ्यासाठी बाबांना बहुधा पॅरासिटामॉल किंवा वरून लावायचं जेल चालेल, पण ते डॉक्टरांना विचारून ठरव. पॅरासिटामॉलचाही हिशेब ठेवायचा, निरोगी मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही, वय झालेल्यांना किंवा लिव्हर नाजूक असलेल्यांना बरेचदा त्याहून कमी सांगतात. ते मोडताना लिव्हरमध्ये थोडं विषारी रसायन तयार होतं, एरवी लिव्हरकडचं ग्लुटाथायॉन ते निकामी करतं, डोस फार झाला की ग्लुटाथायॉन संपतं आणि लिव्हरच्या पेशी मरायला लागतात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल लपलेलं असतं, पाकिटावरची बारीक अक्षरं वाच.

गोळी कुटणं. हे मात्र आजच्या आज बंद. एसआर म्हणजे औषध तासन् तास हळूहळू सुटावं म्हणून बांधलेली गोळी, ती कुटली की सगळं एकदम सुटतं, मेटफॉर्मिनच्या बाबतीत मळमळ आणि जुलाब, आणि दिवसभर पुरायचं ते लवकर संपतं. तू लिहिलंयस की एकदा शौचात अख्खी गोळी दिसली म्हणून बाबांनी कुटायला सुरुवात केली, "पैसे पाण्यात" म्हणत. अगं, ते रिकामं कवच असतं! काही एसआर गोळ्यांतून औषध निघून जातं आणि सांगाडा तसाच बाहेर पडतो. गिळायला त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांग, साध्या रूपातली गोळी दोनदा विभागून किंवा पातळ औषध असे पर्याय असतात. पँटोप्राझोलवरही खास आवरण असतं, कारण हे औषध अ‍ॅसिडमध्येच खराब होतं, आवरण त्याला पोटातून सुखरूप आतड्यात नेतं. म्हणजे तीही कुटायची नाही, चावायची नाही.

आणि पँटोप्राझोल जेवणानंतर जळजळलं तर, हेही उलटं आहे. ती पोटातलं तयार अ‍ॅसिड मारत नाही, ते काम अँटासिडचं. ती अ‍ॅसिड सोडणारे पंप बंद करते, तेही कायमचे, अ‍ॅस्पिरिनसारखंच, म्हणून तिचा हाफ लाइफ तासभर असूनही परिणाम दिवसभर टिकतो. पण ती फक्त चालू असलेल्या पंपांनाच पकडते आणि पंप जोरात चालू होतात जेवताना. तेव्हा औषध आधीच रक्तात हजर पाहिजे, म्हणून जेवणाआधी अर्धा तास. शिवाय बाबांना ती बहुधा अ‍ॅस्पिरिनपासून पोट सांभाळायला दिलीये, मग जळजळ होवो न होवो, रोज घ्यायची. हे डॉक्टरांकडून पक्कं करून घे.

औषध बाहेर कसं जातं हे पटकन सांगते. काही लिव्हरमध्ये मोडतात, काही जशीच्या तशी किडनीतून. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला पेनिसिलिन पहिल्यांदा एका आजारी पोलिसाला दिलं तेव्हा साठा इतका कमी होता की त्याच्या लघवीतून ते परत काढून त्यालाच देत होते, इतकं ते न बदलता बाहेर पडतं. (तरी पुरलं नाही आणि तो वाचला नाही.) मेटफॉर्मिन पण तसंच, लिव्हर तिला हात लावत नाही, सगळी मदार किडनीवर, म्हणून बाबांची क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीच्या कामाची, रक्ततपासणी टाळू नकोस. किडनीचं काम फार उतरलं, ईजीएफआर (किडनी किती रक्त गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली गेला, तर मेटफॉर्मिन बंद करतात. अ‍ॅम्लोडिपिन मात्र लिव्हरमधून जाते, आणि तिला मोडणारं एन्झाइम क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक अडवतं, मग नेहमीच्याच गोळीने बीपी खूप उतरू शकतं. नव्या डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची यादी न्यायची ती यासाठी, आणि यादीत काढे, सप्लिमेंट, कधीमधी घेतलेली पेनकिलर, सगळं यायला पाहिजे.

राहिली तुझी सर्दीची गोळी, तिच्यात बहुधा क्लोरफेनिरामिन असेल. क्लोरफेनिरामिन सहज मेंदूत शिरते, आणि ती ज्याला अडवते ते हिस्टामिन नावाचं रसायन मेंदूत आपल्याला जागं ठेवायचं काम करतं, ते अडवलं की झोप. फेक्सोफेनाडिनही हिस्टामिनच अडवते पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांतले पंप तिला परत बाहेर ढकलतात, म्हणून तिने सहसा पेंग येत नाही, तुझ्या डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारून बघ. आणि बाबांना क्लोरफेनिरामिन देऊ नकोस. ती हिस्टामिनशिवाय नसांचे निरोप नेणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलिनचे रिसेप्टरही अडवते, उतारवयात त्याने लघवी अडणं, बद्धकोष्ठता, गोंधळल्यासारखं होणं असले प्रकार होतात, आणि त्या वयात ती अंगातून निघायलाही जास्त वेळ लावते. सर्दीच्या ज्या गोळीत नाक मोकळं करायला घातलेलं फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं तीही नको, ती रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी वाढवू शकतात. साधी सर्दी असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब द्या, त्यांचं या चार गोळ्यांपैकी कुणाशीच वाकडं नाही. आणि शौच काळी डांबरासारखी झाली, किंवा छातीत दुखलं, तर मला पत्र लिहीत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ.